सहा वहिवाटदारांचे चर्च

जेरुसलेमच्या जुन्या शहरातल्या पवित्र कबरीच्या चर्चचे दार बंद करायला शिडी लागते. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी सातच्या सुमारास आतले यात्रेकरू बाहेर काढले जातात, ग्रीक, लॅटिन आणि आर्मेनियन अशा तीन पंथांचे सेवेकरी उंबऱ्याच्या आत येऊन उभे राहतात, आणि बाहेरच्या अंगाने एक मुसलमान गृहस्थ दाराला शिडी टेकवून वर चढतो. दाराला दोन कुलपे आहेत आणि वरचे हात पोचणार नाही इतक्या उंचीवर. ते लावून तो उतरतो, खालचे लावतो, आणि दाराच्या फळीतल्या लहानशा झरोक्यातून शिडी आत सरकवतो. शिडी आत, किल्ली बाहेर. आतल्या धर्मगुरूंना रात्रभर बाहेर पडता येत नाही आणि बाहेरच्या किल्लीवाल्याला शिडीवाचून वरचे कुलूप गाठता येत नाही. पहाटे चारच्या सुमारास ज्या पंथाची पाळी असेल त्याचा सेवेकरी आतून शिडी बाहेर देतो, मग दार उघडते. फूटभर लांबीची ती लोखंडी किल्ली सांभाळायची जौदेह घराण्याने आणि दार उघडायचे नुसैबेह घराण्याने. दोन्ही घराणी जेरुसलेमची, दोन्ही मुसलमान. जौदेह आपला हक्क सलाहुद्दीनाने 1187 साली शहर जिंकले तेव्हापासूनचा सांगतात, नुसैबेह थेट खलिफा उमरपर्यंत, म्हणजे सातव्या शतकापर्यंत मागे जातात.

ज्या जागी येशूला क्रुसावर दिले, जिथे पुरले आणि जिथून तो उठला असे बहुतेक ख्रिस्ती जग मानते, त्या जागेची किल्ली ख्रिस्ती माणसाच्या हातात नाही, ही गोष्ट प्रवासवर्णनांत दोन प्रकारे येते. एक तर सर्वधर्मसमभावाचा गोड दाखला म्हणून, नाही तर ख्रिस्ती पंथांच्या आपसातल्या वैराची कुत्सित कथा म्हणून. हे इतके भांडतात की किल्लीसुद्धा परक्याकडे ठेवावी लागते, असा त्या कथेचा सूर. ‘सामाईक’ हा विषय घेऊन यंदाचा अंक निघतो आहे, म्हणून या चर्चकडे तिसऱ्या बाजूने पाहावेसे वाटते. माझे म्हणणे असे, की एकमेकांवर काडीचा विश्वास नसलेल्या सहा पंथांनी एक छत वापरायची ही पद्धत वेडगळ दिसत असली तरी तिच्यात भरपूर व्यवहारज्ञान मुरलेले आहे. ती प्रेमावर उभी नाही, वहिवाटीवर उभी आहे. या चर्चच्या भिंती आज जागेवर आहेत त्याचे बरेचसे श्रेय त्या वहिवाटीला जाते. तिची किंमतही मोठी आहे, आणि ती सगळ्यांनी सारखी मोजलेली नाही. त्याकडेही यायचे आहे.

कोणाचे काय

आत शिरताच समोर लालसर दगडाची एक लांबट शिळा लागते. क्रुसावरून उतरवल्यावर येशूचा देह इथे तेल-सुगंधाने माखला, अशी श्रद्धा. आजची शिळा 1808 च्या आगीनंतरच्या बांधकामातली आहे, पण यात्रेकरूंना त्याचे काही नसते. ते गुडघे टेकतात, रुमाल, जपमाळा, पाण्याच्या बाटल्या तिच्यावर घासतात. तिच्या वर टांगलेल्या दिव्यांची मालकी मात्र वाटलेली आहे. उजव्या हाताच्या उभ्या पायऱ्या चढल्या की कालवारी. तिथे शेजारी शेजारी दोन दालने आहेत. येशूला खिळे ठोकले ती जागा लॅटिनांची, म्हणजे रोमन कॅथलिकांची, आणि त्यांच्या वतीने ती सांभाळणाऱ्या फ्रान्सिस्कन संन्याशांची. क्रूस रोवला ती जागा ग्रीकांची, म्हणजे ग्रीक ऑर्थोडॉक्सांची. तिथून खाली उतरून डावीकडे गेले की मोठ्या घुमटाखाली कबरीवरची छोटी देवळी. तिच्या आतल्या खोलीत तीन-चार माणसे जेमतेम मावतात, पण देवळीत दिवे टांगलेले आहेत 43. ग्रीक, लॅटिन आणि आर्मेनियनांचे प्रत्येकी 13 आणि कॉप्टांचे, म्हणजे इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांचे, 4. कॉप्टांना आत उपासनेची जागा नाही, पण देवळीच्या पाठीला चिकटून त्यांची एक चिमुकली वेदी आहे. त्यांच्यासमोर, पश्चिमेच्या भिंतीतल्या एका काळवंडलेल्या कोनाड्यात सिरियन ऑर्थोडॉक्स लोक उपासना करतात. संत हेलेनाचे तळघराकडचे दालन आर्मेनियनांचे. त्या दालनाच्या छतावर, उघड्या आकाशाखाली, इथिओपियन साधू मातीच्या खोल्यांत राहतात. हे झाले सहा. प्रॉटेस्टंट या हिशेबात नाहीत. ते उशिरा आले, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी तटाबाहेरची एक बाग हीच खरी कबर मानून 1894 मध्ये ती विकतच घेतली.

जागेची वाटणी समजायला सोपी, वेळेची अवघड. रात्री दार बंद झाल्यावर चर्च झोपत नाही. मध्यरात्रीनंतर ग्रीकांची उपासना, मग आर्मेनियनांची, मग लॅटिनांची, त्याच कबरीवर, ठरल्या क्रमाने. एकाने आपली वस्त्रे, ग्रंथ, मेणबत्त्या उचलायच्या आणि दुसऱ्याने मांडायच्या. दुपारच्या मिरवणुका, धुपाटणे फिरवण्याचे मार्ग, कोणत्या खांबाशी थांबायचे, घंटा कोणी आधी वाजवायची, सगळे ठरलेले. उन्हाळ्यात इस्रायलची घड्याळे तासभर पुढे जातात, या चर्चमधले वेळापत्रक जात नाही. कारण घड्याळ पुढे घेणे हाही बदलच, आणि बदलाला सर्वांची संमती लागते. याहून मासलेवाईक गोष्ट ईस्टरची. वसईतल्या कोणत्याही कॅथलिक कुटुंबाला विचारा, पुनरुत्थानाच्या जागरणाची मिसा शनिवारी रात्री असते. विसाव्या शतकाच्या मध्यावर पोप पायस बारावे यांनी तो विधी रात्री नेला आणि जगभरच्या कॅथलिकांनी ते मानले. ज्या कबरीत पुनरुत्थान झाले असे मानतात, तिथे मात्र लॅटिनांची ती मिसा आजही शनिवारी सकाळी होते. सुधारणेच्या आधी ती सकाळीच होत असे, आणि रात्रीचे तास दुसऱ्यांच्या नावावर लागलेले आहेत. पोपची आज्ञा जगभर चालते, या घुमटाखाली वेळापत्रक चालते.

झाडू, दिवा आणि पायरी

या व्यवस्थेला ‘स्टेटस को’ म्हणतात. आपल्याकडच्या कोर्टकचेरीच्या भाषेत ‘जैसे थे’. पण जैसे थे म्हणजे नेमके कसे होते, हे सांगणारा एकच सर्वमान्य कागद नाही. फर्माने आहेत, ती एकमेकांना छेद देतात. ब्रिटिश अमलात जेरुसलेमचा जिल्हाधिकारी राहिलेल्या एल. जी. ए. कस्ट याने 1929 साली अधिकाऱ्यांच्या उपयोगासाठी एक पुस्तिका तयार केली. ती आजही हाताशी धरली जाते, पण तिच्यातली प्रत्येक ओळ प्रत्येक पंथाला मान्य आहे असे नाही. मग पुरावा कशाचा? रोजच्या करणीचा. एखाद्या खांबावर दिवा किंवा चित्र टांगायचा हक्क ज्याचा, खांब त्याचा. भिंतीच्या दुरुस्तीचा खर्च ज्याने केला, भिंत त्याची. छप्पर ज्याने शाकारले, त्याखालच्या जागेवर त्याचा दावा उभा राहतो. आणि जमीन जो झाडतो, जमीन त्याची. मालकी इथे दप्तरात नोंदलेली नाही. ती रोज सकाळी झाडूने नव्याने लिहावी लागते.

हे एकदा ध्यानात आले की त्या कुप्रसिद्ध मारामाऱ्यांचा अर्थ लागतो. 1901 साली चर्चच्या अंगणात ग्रीक आणि फ्रान्सिस्कन यांच्यात रक्त सांडेपर्यंत हाणामारी झाली, ती एका पायरीच्या झाडलोटीवरून. अंगणातून वर लॅटिनांच्या एका छोट्या दालनाकडे जिना जातो. जिना लॅटिनांचा, तो झाडायचा त्यांनी. अंगण सामाईक, पण ते झाडायचे ग्रीकांनी. सर्वांत खालची पायरी अंगणाच्या फरशीपासून जेमतेम उचललेली. ती जिन्याची पायरी म्हणायची की अंगणाची फरशी? वर्तमानपत्री वाचकाला यात धूळ दिसते. दोन्हीकडच्या संन्याशांना त्यात खटला दिसत होता. आज ती पायरी दुसऱ्याला झाडू दिली तर उद्या त्याच्याजवळ वहिवाटीचा पुरावा तयार होतो, परवा तो दुसऱ्या पायरीवर हात ठेवतो. आपल्या बांधावरचा दगड हातभर सरकला तर तीन पिढ्या कोर्टात जाणाऱ्या मराठी माणसाने तरी यावर फार हसू नये.

2002 मध्ये छतावर एका कॉप्ट साधूने उन्हातली खुर्ची सावलीत सरकवली, इथिओपियनांनी ती आगळीक मानली, आणि अकरा जण दवाखान्यात गेले. 2008 च्या नोव्हेंबरात ग्रीक आणि आर्मेनियन धर्मगुरू कबरीच्या देवळीसमोर एकमेकांवर धावून गेले, ती दृश्ये जगभर दाखवली गेली. बेथलेहेमच्या ख्रिस्तजन्माच्या चर्चमध्ये 2011 साली नाताळच्या सफाईच्या वेळी झाडूंनीच मारामारी झाली. पहिला आक्षेप इथे येतो आणि तो साधा नाही. शेजाऱ्यावर प्रीती करा असे शिकवणाऱ्या धर्माच्या गाभ्यातच हे व्हावे? आक्षेप नैतिक म्हणून पुरता खरा आहे, संन्यासी मंडळींना तो ऐकून घ्यावाच लागेल. पण व्यवस्था म्हणून पाहायचे तर वेगळा हिशेब मांडावा लागतो. हजारो विधी, रोजचे हस्तांतर, दोन वेगवेगळी पंचांगे, काही वर्षी एकाच रविवारी येणारे सगळ्यांचे ईस्टर, आणि त्यातून वर्षानुवर्षांत एखादी बातमी. जिथे सामाईक विहिरीवर पाळ्या लावलेल्या असतात तिथे भांडण पाळी मोडल्याचे होते. पाळ्या नसतील तर पाण्याचेच होते. इथली भांडणे पहिल्या प्रकारची आहेत.

फर्मानांचा बाजार

पाळ्या नव्हत्या तेव्हा काय होत असे, हे इतिहासातून पुरेसे कळते. सम्राट कॉन्स्टंटाइनाच्या आज्ञेने बांधलेले मूळ चर्च 335 साली अर्पण झाले. 614 मध्ये इराण्यांनी ते जाळले, 1009 मध्ये फातिमी खलिफा अल-हाकिमने पाडायला लावले, बायझंटाइन सम्राटांनी अकराव्या शतकात जमेल तेवढे पुन्हा उभारले, आणि क्रुसेडवाल्यांनी 1099 मध्ये शहर घेतल्यावर आजच्या आकाराला आणले. ही झाली विध्वंसाची कहाणी. आपल्या मुद्द्याला त्यानंतरची जास्त लागू आहे. ऑटोमन तुर्कांच्या काळात चर्चमधला हक्क ही राजदरबारी मिळवायची वस्तू झाली. फ्रान्सच्या राजाचे वजन वाढले की लॅटिनांना फर्मान, रशियाचे वाढले की ग्रीकांना. प्रत्येक फर्मानाबरोबर नजराणे, आणि प्रत्येक फर्मानानंतर आत झटापट. 1757 च्या झावळ्यांच्या रविवारी अशीच मोठी झटापट झाली आणि सुलतानाने जो निवाडा दिला तो ढोबळमानाने आजच्या वाटणीचा पाया आहे.

एकोणिसाव्या शतकात नेपोलियन तिसऱ्याने लॅटिनांचे जुने हक्क परत मागितले, झार निकोलस ऑर्थोडॉक्सांचा कैवारी म्हणून उभा राहिला, आणि सुलतान अब्दुलमजीदने 1852 च्या फर्मानात जवळजवळ हात जोडून सांगितले, की आता आहे तसेच राहू द्या. त्यानेही भागले नाही. क्रिमियन युद्धाची कारणे पुष्कळ होती, पण बेथलेहेमच्या गुहेतला चांदीचा तारा कोणी चोरला आणि त्या चर्चच्या मोठ्या दाराची किल्ली कोणाकडे, हे प्रश्न त्या युद्धाच्या उंबरठ्यावर होते. युद्धात लाखो माणसे मेली. नंतर 1878 च्या बर्लिनच्या तहात 62 व्या कलमाने युरोपातल्या सत्तांनी मान्य केले की पवित्र स्थळांतल्या ‘जैसे थे’ला कोणी हात लावायचा नाही. गोठवणे हा कोणाचाच आवडता पर्याय नव्हता. बाकीचे पर्याय करून पाहिल्यावर तो उरला.

एकाच धन्याची घरे

दुसरा आक्षेप वास्तूच्या बाजूने येतो. इतके मालक असले की इमारत कुजते. एकच मालक असता तर ती नांदती राहिली असती. पटण्यासारखे वाटते. पण कॉन्स्टंटाइनाने बांधलेल्या दुसऱ्या एका मोठ्या चर्चचे काय झाले ते पाहा. रोममधले सेंट पीटरचे जुने चर्च पूर्णपणे पोपच्या ताब्यात होते, कोणी भागीदार नाही, कोणी हरकत घेणारा नाही. पोप ज्युलियस दुसरे यांनी 1506 मध्ये नव्या इमारतीची पायाभरणी केली आणि हजार-अकराशे वर्षांची ती बासिलिका टप्प्याटप्प्याने पाडली गेली. तिच्या जागी उभे राहिले ते जगातले एक आश्चर्य आहे, वादच नाही. पण जुने गेले ते गेले. कोर्दोव्यातल्या मशिदीच्या खांबांच्या रानात मधोमध कॅथीड्रल उभारले गेले ते मालकी एकहाती होती म्हणून. इस्तंबूलची आया सोफिया एका मंत्रिमंडळाच्या ठरावाने 1934 मध्ये संग्रहालय झाली आणि 2020 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या एका आदेशाने पुन्हा मशीद झाली. एकहाती मालकी म्हणजे चांगली देखभाल असे समीकरण नाही. एकहाती मालकी म्हणजे धन्याची मर्जी.

जेरुसलेमच्या चर्चवरही ही मर्जी चालण्याची वेळ आली होती. 1949 साली अँतोनियो बार्लुत्सी आणि लुईजी मारांगोनी या दोन इटालियन वास्तुविशारदांचा एक भव्य आराखडा प्रसिद्ध झाला. जुन्या चर्चचा बराचसा भाग काढून टाकायचा, भोवतालची वस्ती हटवायची आणि प्रचंड नवे मंदिर बांधायचे. बार्लुत्सी कोणी हौशी माणूस नव्हता, पवित्र भूमीतली अनेक कॅथलिक चर्चे त्याच्या हातची आहेत. निर्णय एकट्या लॅटिनांच्या हाती असता तर आराखड्यातले काही ना काही प्रत्यक्षात आले असते असे मानायला जागा आहे. ग्रीक आणि आर्मेनियन कधीच हो म्हणणार नव्हते, म्हणून तो कागदावर राहिला, आणि अकराव्या-बाराव्या शतकांतले खांब, कमानी, एकमेकांत घुसलेली बांधकामे आज अभ्यासकांना जागच्या जागी पाहायला मिळतात. सिरियनांच्या त्या काळवंडलेल्या कोनाड्याला लागून खडकात खोदलेल्या ज्यू पद्धतीच्या जुन्या कबरी आहेत. येशूच्या काळात ही जागा दफनभूमी होती याचा तो एक ठोस आधार. कोनाडा आर्मेनियन आपला म्हणतात, वापरतात सिरियन, त्यामुळे आगीने जळालेल्या त्याच्या भिंतींना कोणी हात लावत नाही. त्या भिंती पाहून वाईट वाटते हे खरे. संगमरवर चढवून झगझगीत केलेल्या भिंतींमागे काय काय कायमचे झाकले गेले, तेही ज्याने त्याने आठवावे.

दुरुस्ती होते, पण कशी

तरीही गळक्या छताचा आक्षेप संपत नाही. 1927 च्या भूकंपाने कबरीची देवळी खिळखिळी झाली. कोणी दुरुस्त करायची यावर एकमत होईना, तेव्हा ब्रिटिशांनी 1947 मध्ये तिला बाहेरून लोखंडी तुळयांचा पिंजरा घातला. तात्पुरता घातलेला तो पिंजरा सत्तर वर्षे राहिला. मोठ्या घुमटाखालची परांचीही अशीच वर्षानुवर्षे उभी होती, कारण घुमटाच्या आतल्या अंगाला काय रंगवायचे यावर मेळ बसत नव्हता. शेवटी मेळ बसला तो पाहण्यासारखा आहे. घुमटावर ना ग्रीक धाटणीचा ख्रिस्त, ना लॅटिन संत, ना आर्मेनियन अक्षर. मधल्या झरोक्यातून उतरणारे सोन्याचे बारा किरण, बस्स. आरा नॉर्मार्ट या अमेरिकन कलाकाराचे हे काम 2 जानेवारी 1997 ला अर्पण झाले. कोणाच्याच परंपरेचे नाही म्हणून सर्वांना चालले. कलेच्या समीक्षकांनी त्याला बेताचे म्हटले तरी चालेल. तडजोडीचे काम म्हणून ते अव्वल आहे.

देवळीचा पिंजरा निघण्याची हकिगत आणखी बोलकी. 2015 च्या फेब्रुवारीत इस्रायली पोलिसांनी इमारत धोकादायक ठरवून देवळी काही तासांसाठी बंद केली. सत्तर वर्षांत विश्वास जे करू शकला नाही ते त्या काही तासांनी केले. सरकार आत पाऊल टाकते आहे असे दिसताच तिन्ही मोठ्या पंथांनी 2016 च्या मार्चमध्ये करार केला. अथेन्सच्या तंत्रविद्यापीठातल्या अँतोनिया मोरोपुलू यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. तिन्ही पंथांनी आपापला वाटा उचलला, बाहेरच्या देणगीदारांत जॉर्डनचे राजे अब्दुल्लाही होते. यात्रा थांबवायची नाही म्हणून बहुतेक काम दार बंद झाल्यावर रात्री चाले. 2016 च्या ऑक्टोबरात कबरीवरची संगमरवरी फरशी अनेक शतकांनंतर प्रथमच सरकवली गेली. 60 तासांचा अवधी मिळाला होता. खाली दुसरी, क्रूस कोरलेली, तडकलेली फरशी निघाली आणि तिच्याखाली मूळ चुनखडीचा खडक. गिलाव्याची तपासणी चौथ्या शतकाकडे, म्हणजे कॉन्स्टंटाइनाच्या बांधकामाकडे बोट दाखवते. पुढच्या मार्चमध्ये पिंजरा काढला गेला. 2022 पासून संबंध चर्चची फरशी उचलून खालची गटारे, नळ, विजेच्या तारा बदलण्याचे काम तुकड्यातुकड्याने हाती घेतले गेले, आणि त्या निमित्ताने रोमच्या सापिएन्त्सा विद्यापीठाचे पथक जमिनीखाली उत्खनन करू लागले. तेव्हा दुरुस्ती होत नाही असे नाही. ती उशिरा होते, सर्वांची होते, आणि झाल्यावर तिच्यातून कोणाचाही नवा हक्क निर्माण होणार नाही अशी तजवीज आधी करावी लागते. उशिराची किंमत 1927 ते 2016 एवढी आहे. ती थोडी नाही.

पंढरपूरचा तोडगा

मराठी वाचकाच्या मनात एक प्रश्न येईलच. वंशपरंपरेचे मान, पाळ्या आणि हक्क आपल्याला नवे नाहीत. पंढरपुरात बडव्यांचे आणि उत्पातांचे हक्क होते. 1973 च्या कायद्याने ते काढले, खटला चालत राहिला आणि 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो प्रश्न मिटला. देऊळ समितीकडे आले. मग जेरुसलेमलाही एक समिती, एक कायदा, एक न्यायालय का नको? कारण तिथे निवाडा देणारी सत्ता स्वतःच वादी आहे. पंढरपुरात महाराष्ट्र शासनाची सत्ता बडव्यांनाही मान्य होती, निकाल कडू लागला तरी. पूर्व जेरुसलेमवर इस्रायलची सत्ता 1967 पासून आहे, ती जगातल्या बहुतेक देशांना मान्य नाही, चर्चमध्ये येणाऱ्या स्थानिक पॅलेस्टिनी ख्रिस्ती लोकांनाही नाही. त्याआधी जॉर्डन, त्याआधी ब्रिटन, त्याआधी तुर्क. प्रत्येक पंथाच्या पाठीशी कोणता तरी देश उभा राहिलेला.

ब्रिटिशांनी समितीचा मार्ग खरोखर धरला होता. पॅलेस्टाइनच्या कारभाराचा जो आदेश राष्ट्रसंघाने त्यांना दिला, त्यातल्या 14 व्या कलमात पवित्र स्थळांसाठी आयोग नेमायचे ठरले होते. त्यात कोणत्या देशाचे किती सभासद आणि अध्यक्ष कोणाचा, यावरच घोडे अडले आणि आयोग जन्मलाच नाही. मग 1924 च्या एका हुकुमाने त्यांनी पवित्र स्थळांच्या हक्कांचे तंटे न्यायालयांच्या कक्षेतूनच काढून टाकले. इस्रायलनेही तो हुकूम पुढे चालू ठेवला. न्यायाधीश नसलेल्या गावात वहिवाट हाच कायदा होतो. ब्रिटिश सेनापती अ‍ॅलन्बीने 1917 च्या डिसेंबरात जेरुसलेम घेतले तेव्हाचे त्याचे धोरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. पवित्र कबरीच्या दाराच्या वंशपरंपरागत रखवालदारांना त्याने आपले काम पूर्ववत चालू ठेवायला सांगितले, आणि मुसलमानांच्या पवित्र घुमटाभोवती पहारा ठेवला तो हिंदुस्थानी फौजेतल्या मुसलमान शिपायांचा. जेत्या ख्रिस्ती सेनापतीला कबरीची किल्ली मागून घेता आली असती. ती कोणाच्या हाती द्यायची, हा प्रश्न मात्र त्याच दिवशी उभा राहिला असता.

छतावरचे लोक

आता ती किंमत, जी सगळ्यांनी सारखी मोजलेली नाही. गोठवताना ज्याच्या हातात जे होते ते त्याचे झाले. ज्यांच्या पाठीशी फ्रान्स होता, रशिया होता, श्रीमंत व्यापारी होते, त्यांच्या हातात त्या दिवशी दालने होती. इथिओपियनांच्या हातात छप्पर होते. संत हेलेनाच्या दालनावरच्या त्या जागेला दैर-अस-सुलतान म्हणतात. दालनाला उजेड देणाऱ्या छोट्या घुमटाभोवतीचे अंगण, कडेला बुटक्या दारांच्या मातीच्या खोल्या, आणि एका कोपऱ्यातून दोन छोट्या उपासनागृहांमधून खाली चर्चच्या अंगणात उतरणारी वाट. इथिओपियनांचे म्हणणे, की 1838 च्या साथीत त्यांचे बहुतेक साधू मेले आणि रोग पसरू नये म्हणून त्यांची ग्रंथसंपदा जाळली, तिच्यात हक्काचे कागदही गेले. कॉप्टांचे म्हणणे, की जागा आमची, हे आमचे पाहुणे. जॉर्डनच्या सरकारने 1961 मध्ये आधी इथिओपियनांच्या बाजूने कौल दिला आणि थोड्याच दिवसांत तो फिरवला. 1970 च्या ईस्टरच्या रात्री कॉप्ट खाली उपासनेत असताना त्या दोन उपासनागृहांची कुलपे बदलली गेली आणि किल्ल्या इथिओपियनांकडे आल्या. इस्रायली पोलिसांनी ते होऊ दिले. कॉप्ट न्यायालयात गेले. 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुलपे बळाने बदलल्याचा दोष दाखवून ताबा परत द्यावा असे म्हटले, पण अंतिम निर्णय सरकारवर सोपवला. सरकारने तो आजवर दिलेला नाही. 2018 मध्ये तिथल्या पडझडीची दुरुस्ती सरकारी देखरेखीत होऊ लागली तेव्हा दारात बसलेल्या कॉप्ट साधूंना पोलिसांनी उचलून बाजूला केले.

हा प्रसंग माझ्या मांडणीच्या विरुद्ध जातो असे कोणी म्हणेल. अर्धा जातो. वहिवाट ज्याच्यापाशी कमी, त्याला वहिवाटीच्या राज्यात न्याय नाही, हे मान्यच करायला हवे. छतावर राहणाऱ्यांना शतकानुशतके छतावरच राहावे लागले. पण कुलपे कधी आणि का बदलली गेली तेही पाहिले पाहिजे. 1970 मध्ये इस्रायल आणि इजिप्त युद्धात होते, इथिओपिया इस्रायलचा मित्र होता. इजिप्तशी 1979 मध्ये तह झाल्यावर किल्ल्यांचा प्रश्न कैरोच्या मागण्यांच्या यादीत गेला. म्हणजे सरकारने जेव्हा निवाडा केला तेव्हा तो चर्चच्या हिशेबाने केला नाही, परराष्ट्र खात्याच्या हिशेबाने केला. इथिओपियनांना मिळाले ते त्यांच्या बाजूने पाहता न्याय्यही असेल. पण ते ज्या वाटेने मिळाले त्याच वाटेने उद्या जाऊ शकते, आणि हे छतावरच्या साधूंना कोणी सांगायला नको.

दाराबाहेरचा प्रश्न

हे पंथ एकत्र येऊच शकत नाहीत हा समज 2018 च्या फेब्रुवारीत खोटा ठरला. जेरुसलेम महापालिकेने चर्चच्या व्यापारी मालमत्तांवर कर लावायचे ठरवले होते, आणि चर्चने विकलेल्या जमिनींबद्दलचे एक विधेयक संसदेत येऊ घातले होते. ग्रीक, लॅटिन आणि आर्मेनियन प्रमुखांनी मिळून पवित्र कबरीचे दार भरदिवसा बंद केले. तीन दिवस यात्रेकरू बंद दाराला कपाळ टेकून परतत राहिले. पंतप्रधानांच्या कार्यालयाने दोन्ही गोष्टी स्थगित ठेवल्यावर चौथ्या पहाटे दार उघडले. आपसात पायरीवरून डोकी फोडणारे लोक बाहेरच्याविरुद्ध एका रात्रीत एक झाले, आणि त्यांच्यात कोणी कोणाचे हक्क मागितले नाहीत, कारण ते आधीच शेवटच्या दिव्यापर्यंत ठरलेले होते.

खरी काळजी आता वेगळीच आहे. पवित्र शनिवारी कबरीच्या देवळीला मेणाची मोहोर लावली जाते, दिवे विझवले जातात, ग्रीक पेट्रिआर्क आत जातो, आर्मेनियन प्रतिनिधी बाहेरच्या खोलीत थांबतो, आणि आतून आलेली ज्योत हातोहात पसरत जाते. स्थानिक पॅलेस्टिनी ऑर्थोडॉक्स घराण्यांचे तरुण एकमेकांच्या खांद्यावर चढून ढोल वाजवत येतात, तोही त्यांचा मान आहे, कोणत्याही फर्मानाइतका जुना समजला जाणारा. 1834 मध्ये याच गर्दीत चेंगराचेंगरी होऊन शेकडो लोक मेले होते, तेव्हा सुरक्षेचा मुद्दा पोकळ नाही. 2021 मध्ये मेरोन डोंगरावरच्या ज्यू यात्रेत 45 जण चेंगरून मेल्यावर इस्रायली पोलिसांनी चर्चच्या गर्दीवरही मर्यादा घातली आणि 2023 मध्ये आत फक्त 1,800 लोक सोडायचे ठरवले, त्यातले 200 पोलीस. चर्चप्रमुखांनी ही मर्यादा मानायला नकार दिला. जुन्या शहराच्या गल्लीगल्लीत अडसर लागले, आणि ज्यांच्या पणज्यांनीही कधी परवानगी मागितली नव्हती अशा माणसांना आपल्याच चर्चकडे जाताना पास दाखवावे लागले. दार त्या दिवशीही नुसैबेह घराण्यानेच उघडले होते. पण दारापर्यंत कोणी पोचायचे हे ठरवणारा अडसर बराच अलीकडे, बाजाराच्या तोंडाशी होता. बर्लिनच्या तहात, कस्टच्या पुस्तिकेत किंवा कोणत्याही सुलतानाच्या फर्मानात त्या अडसराची नोंद नाही.